नाशिकमधील खासगी वायनरी सहल

नाशिकमधील खासगी वायनरी सहल म्हणजे नाशिक जिल्ह्यातील वाइनच्या द्राक्षबागा आणि वाइन तयार करणारे कारखाने, म्हणजेच वायनरी, यांना स्वतंत्र वाहन, चालक व बहुधा एक मार्गदर्शक यांच्यासह दिलेली एक दिवसाची भेट होय. अशा सहलीत साधारणतः दोन ते तीन वायनरी पाहिल्या जातात. प्रत्येक ठिकाणी बाग व कारखाना दाखवून ठरावीक वाइनची चाखणी दिली जाते आणि मध्ये एका ठिकाणी जेवण होते. बसमधून नेल्या जाणाऱ्या सामूहिक सहलीत वेळ व ठिकाणे आयोजक ठरवतो, तर खासगी सहलीत ती पाहुण्यांच्या सोयीने ठरतात. भारतातील वाइन उत्पादनाचा मोठा हिस्सा नाशिक जिल्ह्यातून येतो. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे काही तासांच्या अंतरावर असल्याने या प्रकारचे पर्यटन देशात सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने येथेच रुजले.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची शेती वाइनच्या बरीच आधीपासून आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस अशा खाण्याच्या जातींवर आपला जम बसवला. यातील बरीच द्राक्षे युरोपात निर्यातही होतात. महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात मात्र नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. तेथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात शातो इंडाज ही वायनरी उभारली आणि फ्रेंच तंत्राने केलेली फसफसती वाइन परदेशात पाठवली.

नाशिकच्या वाइनचा आजचा चेहरा राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सने घडवला. अमेरिकेत शिक्षण आणि संगणक क्षेत्रातील नोकरी करून परतलेल्या सामंत यांनी गोवर्धन गावाजवळील कौटुंबिक जमिनीवर आधी इतर पिकांचे प्रयोग केले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सोव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे साहाय्य त्यांना लाभले. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. कंपनीचे नाव सामंत यांच्या आईच्या सुलभा या नावावरून घेतलेले आहे.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, तर सांगली जिल्ह्यात पलूस येथे औद्योगिक विकास महामंडळाने वाइन पार्क आखले. पुढील काही वर्षांत जिल्ह्यात अनेक वायनरी उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येक द्राक्ष बागायतदारांनी स्वतः किंवा भागीदारीत काढलेल्या होत्या.

पर्यटनाचे निर्णायक वळण २००५ साली आले. त्या वर्षी सुलाने बागेला लागून चाखणी कक्ष सुरू केला. तोपर्यंत महाराष्ट्रात वाइन घेणे म्हणजे दुकानात जाऊन कागदात गुंडाळलेली बाटली आणणे असेच होते. पेला हातात घेऊन, वेलींकडे पाहत, घरच्या मंडळींसह उघड्यावर बसणे ही गोष्ट नवीन होती. २००८ पासून तेथे फेब्रुवारीच्या सुमारास संगीत महोत्सव भरू लागला आणि पुढे निवासाची सोयही झाली. करोनापूर्व काळात या एका ठिकाणी वर्षाला तीन लाखांहून अधिक लोक येत असत. इतर वायनरींनीही हा मार्ग धरला. लहान वायनरीला दुकानात आपली बाटली ठेवून घेणे कठीण जाते, पण दारात आलेल्या पाहुण्याला ती थेट विकता येते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

वायनरींची ठिकाणे

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथील हिवाळ्यात दिवस उबदार व रात्री थंड असतात आणि वाइनच्या द्राक्षातील आम्लता टिकण्यास ते उपकारक ठरते. जिल्ह्यातील वायनरी एकाच रस्त्यावर नाहीत. सहल आखताना होणारी पहिली चूक बहुधा हीच असते की नकाशावर जवळ दिसणारी ठिकाणे एका दिवसात बसवली जातात.

पहिला समूह शहराच्या पश्चिमेस, गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या काठाने गोवर्धन, सावरगाव व गंगाव्हरे या गावांत आहे. सुला, यॉर्क व सोमा या वायनरी येथे जवळजवळ असून शहरापासून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. यॉर्क हे नाव इंग्लंडमधील शहरावरून आलेले नाही. ते संस्थापक कुटुंबातील तीन भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. २०२१ मध्ये ही वायनरी सुलाने विकत घेतली. धरणाच्या पाण्यामागे मावळणारा सूर्य हे या भागाचे मोठे आकर्षण असल्याने सायंकाळी येथे गर्दी होते.

दुसरा समूह उत्तरेस दिंडोरी तालुक्यात आहे. फ्रान्समधील मोएत हेनेसी या समूहाने शाँदों या नावाने फसफसती वाइन काढण्यासाठी हाच तालुका निवडला आणि २०१३ मध्ये ती बाजारात आणली. तिसरा समूह इगतपुरी तालुक्यात आहे. मुकणे धरणाच्या परिसरातील व्हॅलोने आणि सांजेगाव येथील ग्रोव्हर झाम्पा या त्यातील परिचित वायनरी होत. ग्रोव्हर झाम्पा ही कंपनी कर्नाटकातील नंदी डोंगराजवळची ग्रोव्हर आणि सांजेगावची झाम्पा यांच्या २०१२ मधील एकत्रीकरणातून झाली. पूर्वेकडे निफाड तालुक्यात कुंदेवाडीची रेव्हेलो ही इटालियन जातींसाठी ओळखली जाणारी वायनरी व विंचूरचे वाइन पार्क आहे. त्या बाजूला पर्यटकांची ये-जा कमी असते.

मुंबईहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना इगतपुरीचा समूह सर्वांत सोयीचा आहे, कारण तो वाटेवरच पडतो. मुंबई-नाशिक अंतर सुमारे १७० किलोमीटर असून कसारा घाटातील वाहतुकीवर प्रवासाचा वेळ अवलंबून असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मोटारीने हा घाट टाळता येतो. रेल्वेने नाशिक रोड स्थानकावर उतरून तेथून वाहन घेणे हाही रूढ पर्याय आहे. पुण्याहून मात्र एका दिवसात येऊन-जाऊन केलेली सहल बहुतांशी रस्त्यावरच जाते, त्यामुळे तेथील पाहुणे सहसा एक रात्र मुक्काम करतात.

हंगाम

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते, वसंतात फुटते आणि शरदात तिची तोडणी होते. नाशिकमध्ये वेल स्वतःहून झोपी जात नाही, तिला छाटणीनेच वळण लावावे लागते. त्यासाठी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीतून नवीन काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात होणाऱ्या गोडी छाटणीतून त्या काड्यांवर घड येतात. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर रसायनाचा लेप लावतात. शेतकरी त्याला ‘पेस्ट लावणे’ म्हणतात. द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात तोडणीस येतात, म्हणजे फ्रान्समधील वेल उघडी-बोडकी असते तेव्हा नाशिकची वेल घडांनी लगडलेली असते.

म्हणून ज्याला बागेत प्रत्यक्ष द्राक्षे आणि कारखान्यात चालू काम पाहायचे आहे, त्याने जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जावे. याच काळात काही वायनरींमध्ये पाहुण्यांना लाकडी पिंपात उतरवून पायांनी द्राक्षे तुडवण्याचा खेळ ठेवला जातो. तो निव्वळ करमणुकीचा भाग असून विक्रीची वाइन यंत्राने दाबलेल्या रसापासूनच होते. एप्रिल व मे महिन्यांत खरड छाटणी झालेल्या बागा उजाड दिसतात आणि दुपारचे ऊन सोसवत नाही. जून ते सप्टेंबर या काळात वेलींना पाने असतात पण फळ नसते. परिसर हिरवागार व ढगाळ असल्याने पावसाळी सहलींना वेगळी मागणी असते, विशेषतः इगतपुरीकडे.

सहलीचा क्रम

नाशिकमध्ये मुक्कामी असलेल्या पाहुण्यांची सहल साधारणतः सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते. मुंबईहून निघणाऱ्यांना सहा-सातला घर सोडावे लागते. जाणकार मार्गदर्शक सर्वांत लहान वायनरी आधी ठेवतो. तेथे सकाळी वाइन बनवणारी व्यक्ती भेटण्याची शक्यता अधिक असते, आणि पाहुण्यांची जीभही अजून ताजी असते. मोठी, गजबजलेली वायनरी शेवटी ठेवली तर सूर्यास्त पाहून परतता येते.

बागेतील फेरी बहुधा छोटी असते, पण पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. खाण्याच्या द्राक्षाची बाग मंडपावर किंवा वाय आकाराच्या आधारावर चढवलेली असते आणि माणूस तिच्याखालून चालू शकतो. वाइनच्या वेली तारांवर उभ्या, भिंतीसारख्या वाढवतात. खाण्याचे द्राक्ष मोठे, बिनबियांचे, पातळ सालीचे हवे असते. मणी फुगावेत म्हणून त्याला जिबरेलिक ॲसिडची, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘जीए’ची प्रक्रिया देतात. वाइनच्या द्राक्षात याच्या उलट सारे हवे असते. त्याचा मणी लहान असतो, साल जाड असते आणि आत बिया असतात, कारण लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. गोडीतही फरक आहे. खाण्याची द्राक्षे १८ ब्रिक्सच्या आसपास काढली जातात, तर वाइनसाठी साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत चढू देतात. ‘निर्यातीत न खपलेल्या द्राक्षांची वाइन करतात’ हा समज नाशिकबाहेर सर्रास आढळतो. बागेत दोन्ही जातींचा एकेक मणी तोंडात टाकला की तो आपोआप दूर होतो.

कारखान्यात आधी द्राक्षे उतरवण्याची जागा, मग देठ काढण्याचे व दाबण्याचे यंत्र आणि त्यानंतर पोलादी टाक्या दाखवतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करून १२ ते १६ अंश सेल्सिअस इतक्या थंड तापमानात आंबवतात, जेणेकरून फळाचा गंध उडून जाऊ नये. लाल वाइन सालींसह आंबते आणि तिला अधिक ऊब लागते. साली वर तरंगून जाड थर धरतात, तो थर दिवसातून अनेकदा खालच्या रसाने भिजवावा लागतो. रोझे वाइनमध्ये लाल द्राक्षांच्या सालींचा रसाशी संबंध काही तासच ठेवतात. टाक्यांना वेढणारी थंड पाण्याची आवरणे हा नाशिकच्या वायनरीतील सर्वांत खर्चिक भाग म्हणता येईल. फेब्रुवारीतही येथे दुपारी पारा ३० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे थंड करण्याची सोय नसती तर येथे चांगली पांढरी वाइन झालीच नसती.

त्यानंतर ओक लाकडाच्या पिंपांची अंधारी, गार खोली येते. नेहमीच्या पिंपात २२५ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्यांइतकी वाइन मावते. ही पिंपे बहुतांशी परदेशातून येतात आणि काही वर्षांनी त्यांच्यातील लाकडाचा गंध संपतो. खासगी सहलीचा एक खरा लाभ या खोलीत मिळतो. पाहुणे चारच असतील आणि आधी सांगून ठेवले असेल, तर वाइन बनवणारा कधीकधी पिंपातून काचनळीने काढलेली अपक्व वाइन चाखायला देतो. तीस जणांच्या गटात हे शक्य नसते.

चाखणी

चाखणीत चार ते सहा वाइन क्रमाने दिल्या जातात. प्रथम फसफसती, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, असा क्रम असतो. हलकी चव आधी व भारी नंतर आली नाही, तर आधीची चव पुढचीला झाकते. पेला उजेडात धरून रंग पाहणे, तो हलवून गंध घेणे, छोटा घोट तोंडात फिरवणे, अशी पद्धत मार्गदर्शक समजावून देतो. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ताजे गवत, ढोबळी मिरची किंवा पेरू यांचा गंध सांगितला जातो, तर शिराझमध्ये मिरीचा. येथील पाहुण्याला पाश्चात्त्य पुस्तकांतील गूजबेरीपेक्षा पेरू अधिक कळतो. चांगला मार्गदर्शक अशा घरच्या चवींचीच उदाहरणे देतो.

एका चाखणीत प्रत्येक वाइन साधारण ३० मिलिलिटर ओततात. सहा वाइन म्हटल्या तर एका ठिकाणी १८० मिलिलिटर आणि तीन वायनरींत मिळून ५४० मिलिलिटर होतात, म्हणजे पाऊण बाटलीच्या जवळपास. वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १३ टक्के असतो. जेवताना मागवलेला पेला यात धरलेला नाही. म्हणूनच चाखणीच्या मेजावर पिकदाणीसारखे एक भांडे ठेवलेले असते. घोट तोंडात फिरवून त्यात टाकणे किंवा पेल्यातील उरलेली वाइन त्यात रिकामी करणे हा शिष्टाचाराचा भंग नसून व्यावसायिक चाखणीचा रिवाजच आहे. भारतीय पाहुण्यांना मात्र चारचौघांत थुंकणे अवघड वाटते आणि पैसे देऊन घेतलेले टाकून देणे त्याहून अवघड वाटते. परिणामी तिसऱ्या वायनरीत पोहोचेपर्यंत बहुतेकांना चवींतील फरक कळेनासा होतो. दोन वायनरी आणि मध्ये निवांत जेवण ही आखणी त्यामुळे तीन वायनरींच्या धावपळीपेक्षा सरस ठरते.

चव टिकवण्यासाठी पाहुणे सकाळी पोटभर न्याहारी करून येतात आणि दोन वाइनच्या मध्ये पाणी पितात. नाशिकची मिसळ ही न्याहारी म्हणून प्रसिद्ध असली, तरी चाखणीच्या सकाळी ती टाळावी, कारण तिखटाने लाल वाइनचा तुरटपणा जिभेवर कडू लागतो. सहल संपल्यावर संध्याकाळी मिसळ खाण्याचा प्रघात काही मार्गदर्शकांनी पाडला आहे, तो योग्यच म्हणावा लागेल.

मार्गदर्शक आणि चालक

अशा सहलीत दोन प्रकारचे मार्गदर्शक भेटतात. वायनरीचा स्वतःचा कर्मचारी त्या आवारापुरता असतो आणि त्याचे बोलणे ठरलेल्या साच्यातले असते. बहुतेक वायनरी मराठी, हिंदी व इंग्रजीत माहिती देतात, पण इंग्रजीवर भर असल्याने मराठीसाठी आधी विचारावे लागते. दिवसभर सोबत राहणारा खासगी मार्गदर्शक निरनिराळ्या वायनरींतील फरक उलगडून सांगू शकतो. स्वस्त सहलींत चालकच मार्गदर्शकाचेही काम करतो. नाशिक परिसरातील अनेक चालक स्वतः बागायतदार घरांतले असल्याने द्राक्षाविषयीचे त्यांचे ज्ञान अस्सल असते, वाइनविषयीचे मात्र ऐकीव असू शकते.

सहलीचा खरा आधारस्तंभ चालक असतो. खासगी वाहन घेण्याचे मुख्य कारणच हे असते की पाहुण्यांपैकी कोणी गाडी चालवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गंगापूर धरणाकडून शहराकडे येणारे रस्ते अरुंद असून सुटीच्या संध्याकाळी त्यांवर गाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्यांवरून गावकरी दुचाकीने घरी परततात, ऊस व भाजीपाल्याच्या गाड्याही जातात. चालकाने चाखणीत भाग घेऊ नये ही अट ठरवतानाच सांगणे इष्ट असते. तसेच मुंबईहून आलेल्या एकाच चालकाकडून पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडी हाकून घेणे धोक्याचे असते. पाहुणे आत गारव्यात बसलेले असताना तो उन्हात गाडीपाशी थांबलेला असतो, त्याच्या जेवणाची व विश्रांतीची सोय सहलीच्या दरात धरली आहे का, हे क्वचितच कोणी विचारते.

सहलीचा दर ठरवताना वाहन, मार्गदर्शक, प्रत्येक ठिकाणचे प्रवेश व चाखणीचे शुल्क आणि जेवण यांपैकी काय समाविष्ट आहे, हे स्पष्ट करून घ्यावे लागते. चाखणीचे शुल्क पुष्कळदा वेगळे असते.

नियम

महाराष्ट्रात मद्यविक्री व सेवन महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्याखाली चालते. वायनरीतील चाखणीसाठी २१ वर्षे पूर्ण असण्याची अट पाळली जाते आणि ओळखपत्र मागितले जाऊ शकते. कडक मद्यासाठी राज्यात ही मर्यादा २५ वर्षे आहे. मुलांना व न पिणाऱ्यांना आवारात येता येते. अनेक कुटुंबे केवळ जेवण व बाग पाहण्यासाठी येतात. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन व गांधी जयंती या दिवशी, तसेच मतदानापूर्वीच्या ४८ तासांत मद्य दिले जात नाही. जोडसुटी पाहून बेत आखणाऱ्यांची २६ जानेवारीला हमखास निराशा होते, कारण तोडणीचा ऐन हंगाम आणि कोरडा दिवस एकाच तारखेवर येतात. गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने वणी-सापुतारा मार्गाने परतणाऱ्या पाहुण्यांना विकत घेतलेल्या बाटल्या सोबत नेता येत नाहीत.

तीर्थक्षेत्र आणि वाइन

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. पंचवटी, काळाराम मंदिर आणि ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले त्र्यंबकेश्वर यांमुळे या परिसराची मूळ ओळख तीर्थक्षेत्राची आहे. वाइनची राजधानी हे नवे बिरुद अनेक स्थानिकांना रुचलेले नाही. प्रत्यक्ष सहलींत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. घरातील वडीलधाऱ्यांना सकाळी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घडवून दुपारी तरुण मंडळी वायनरीत जातात. गंगापूर धरणाचा समूह त्र्यंबक रस्त्यापासून फार दूर नसल्याने ते सोयीचेही पडते. दर्शन आधी आणि चाखणी नंतर हा क्रम मात्र कोणीही मोडत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाइनला दारू म्हणावे की शेतमालावरील प्रक्रिया, यावर तेव्हा राज्यभर वाद झाला. शेतकऱ्यांचे हित हे निर्णयाच्या समर्थकांचे, तर व्यसनाधीनतेचा धोका हे विरोधकांचे मुख्य म्हणणे होते. अण्णा हजारे यांनीही विरोध केला. निर्णय पुढे अमलात आला नाही. चाखणीच्या मेजाभोवती हा विषय आजही निघतो.

शेतकरी

सहलीत सहसा न दिसणारी बाजू बागायतदाराची आहे. वायनरी स्वतःच्या बागांसोबत शेतकऱ्यांशी करार करून द्राक्षे घेतात. भाव द्राक्षाच्या साखरेवर व प्रतीवर ठरतो. वाइनच्या जातींना खाण्याच्या द्राक्षांच्या तुलनेत फवारणी व मजुरी कमी लागते आणि विक्रीची हमी असते. पण ही हमी वायनरी जिवंत असेपर्यंतच टिकते. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, कारण बियांचे, बारीक मण्यांचे घड कोणी खायला घेत नाही. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि अनेक नव्या वायनरींनी खरेदी थांबवली. पाच-सात वर्षे जपलेल्या वेली शेतकऱ्यांनी उपटून टाकल्या व ते पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळले. राज्यातील या उद्योगाची पायाभरणी करणारी इंडाजही याच काळात आर्थिक संकटात सापडून बंद पडली. नाशिककडील काही वायनरींच्या रिकाम्या इमारती रस्त्यावरून आजही दिसतात, पण सहलींच्या गाड्या तेथे थांबत नाहीत.

हवामानाचा फटका दोन्ही प्रकारच्या बागांना बसतो. गोडी छाटणीनंतर लांबलेल्या पावसाने डावणी हा बुरशीजन्य रोग पसरतो, आणि ऐन तोडणीत अवकाळी पाऊस वा गारपीट आली तर वर्षाचे उत्पन्न जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने जिल्ह्यातील द्राक्षबागांची मोठी हानी केली. बागा ठिबक सिंचनावर असल्या तरी पाण्याचा प्रश्न आहेच. गंगापूर धरण नाशिक शहराला पिण्याचे पाणी पुरवते आणि टंचाईच्या वर्षी गोदावरीचे पाणी खाली जायकवाडीकडे सोडण्यावरून नाशिक व मराठवाडा यांच्यात तंटा होतो.

जो पाहुणा बागेतील कामगारांना तोडणी करताना पाहू इच्छितो, त्याने सकाळी लवकर पोहोचावे लागते. द्राक्षे गार असतानाच कारखान्यात जावीत म्हणून तोडणी पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी आटोपते. तोडणी करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. चाखणी कक्ष उघडतो तेव्हा त्या घरी गेलेल्या असतात.

इतर ठिकाणे

महाराष्ट्रात नाशिकखेरीज सोलापूर जिल्ह्यातील अकलूजजवळ फ्रातेल्ली वायनरी आहे. भारतीय व इटालियन कुटुंबांच्या भागीदारीतून ती उभी राहिली असून तेथे मुक्कामासह भेटी आयोजित होतात. दौंड तालुक्यातील रोटी येथील फोर सीझन्स ही पुण्याहून जवळची वायनरी होय. कर्नाटकात नंदी डोंगराच्या परिसरातील वायनरींना बंगळूरहून एका दिवसाच्या सहली जातात.